पाठीवरची पन्हळ

४ सप्टेंबर

चि. ठकीस,

आशीर्वाद नेहमीचेच, पण दुखावल्या मनाने.

काल दुपारच्या टपालाने एक कंगवा आला. कंगव्याचं आगमन ही इतिहासात नोंदण्याजोगी घटना नव्हे, हे मी जाणतो. कंगव्यावाचून राज्यं बुडाल्याचं माझ्या वाचनात नाही. तथापि हा कंगवा मी कौमुदीच्या सामानात स्वहस्ते ठेवला होता, मऊ फडक्यात गुंडाळून, एकोणीस कलमी सूचनापत्रासह. सूचनापत्र परत आलं असतं तर मी समजलो असतो. उपदेश कोणालाच पचत नाही. पण कंगव्याने तुझं काय घोडं मारलं होतं?

सोबतची चिठ्ठी म्हणजे तर कळस. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा टर्रकन फाडून त्याच्या पाठीवर लिहिलं आहेस, "दादा, हा डोंगर आहे, लग्नघर नव्हे." तेवीस वर्षं मी मुलांना संस्कृत शिकवतो आहे. अवमानाचे बहुतेक प्रकार माझ्या परिचयाचे आहेत. पुठ्ठ्यावरचा हा पहिलाच.

असो. घोटा अजून प्लास्टरमध्ये आहे. बादली घेऊन पायऱ्या उतरताना पडलो. बादली शाबूत राहिली, मी नाही. डॉक्टर म्हणतात, "मास्तर, दोन-अडीच महिने तबेल्याचं नाव काढायचं नाही." म्हणून तर माझ्या लेकीची घोडी तुझ्या हवाली केली. मावसबहीण आहेस, लहानपणी माझ्या खांद्यावर उभी राहून लोकांची झाडं लुटली आहेस, आणि आता अकरा घोडी बाळगून डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्राला सामान पोचवतेस. तेव्हा घोडं म्हणजे काय हे तुला कळत असावं, असा माझा समज आहे. तो टिकेल असं काही लिही.

एक लक्षात ठेव. १० जानेवारीला लेक येते आहे. तीन वर्षांनी. रजा पंधराच दिवसांची, पण तिने आत्ताच बजावून ठेवलं आहे : "पहिल्या सकाळी कमूवर बसून नदीपर्यंत जाऊन येणार, चहा मग." तोवर घोडी दिली तशी परत हवी. म्हणून पुन्हा एकदा, कलम सात : रोज तीन मापं ओट, वर दोन पळ्या काकवी. कलम आठ : थंडी असो वा नसो, पाठीवर पांघरूण. आणि एक फोटो पाठव. बाजूने काढलेला.

तुझा,
दादा


११ सप्टेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. खरा घालायला वेळ नाही, सकाळपासून पायांच्याच मागे आहे.

कमू पोचली. (तू कौमुदीच म्हण. इथे एवढं नाव हाकारेपर्यंत घोडं दरीत गेलेलं असतं.) खाते. उभी राहते. झोपते. काळजी करू नकोस.

पुठ्ठ्याचं एवढं काय मनाला लावून घेतोस? हाताशी तो होता. कंगवा परत पाठवला, कारण माझ्या अकराजणींनी जन्मात कंगवा पाहिलेला नाही. बारावीला रोज वेणीफणी झाली तर त्या तिला चावून काढतील.

पांघरूण मात्र झकास आहे. मीच घेते पायांवर.

फोटोचं जमणार नाही, कॅमेरा दुरुस्तीला दिलाय. ओटांचं मी बघते. तू जिना उतरू नकोस.

ठकी


२० सप्टेंबर

चि. ठकीस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एवढंसं पत्र चार वेळा वाचावं लागलं तर दोष वाचणाऱ्याचा नसतो.

"खाते," म्हणतेस. काय खाते? कर्म कुठे गेलं? "उभी राहते," म्हणतेस. ठके, घोडी उभी राहते हे कोणी आवर्जून कळवतं का? उद्या मी तुला लिहिलं की "मी श्वास घेतो", तर तुला आनंद होईल की धसका बसेल? "ओटांचं मी बघते" या वाक्याचा अर्थ मी शेजारच्या वकिलांना विचारला. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे 'नाही'."

आणि सकाळपासून पायांच्या मागे होतीस ती कोणाच्या? तुझ्या अकराजणींच्या, की माझ्या एकीच्या?

तो पुठ्ठा मी भिंगाखाली धरला. औषधाचं नाव नेमकं फाटलं आहे. उरलं आहे ते "दिवसातून दोनदा". तुला काही होतं आहे का? होत असेल तर मोकळेपणी सांग. होत नसेल, तर ते औषध दिवसातून दोनदा कोणाच्या पोटात जातं?

मी कौमुदीला कोणत्या स्थितीत पाठवली ते विसरू नकोस. अंग तुळतुळीत, मान कमानीसारखी भरदार, आणि पाठ अशी की मधोमध पन्हळ पडलेली. तांब्याभर पाणी मी स्वतः ओतून पाहिलं आहे. कण्यावरून थेट शेपटीपर्यंत वाहत गेलं, एक थेंब बाजूला सांडला नाही. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत. तुझी अकरा मीही पाहिली आहेत, बाई. बरगड्या लांबून मोजता येतात. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ती मला घोड्यांपेक्षा शिड्या वाटल्या.

लेकीला मी दर महिन्याला कौमुदीचा एक फोटो पाठवतो. सप्टेंबरचा राहिला आहे. कॅमेरा बरा व्हायला किती दिवस लागतात? माझा घोटासुद्धा एवढे आढेवेढे घेत नाही.

दादा


२८ सप्टेंबर

ती. दादास,

मला धाड भरलेली नाही. अकरा घोडी असलेल्या घरात औषधाची खोकी असायचीच.

फोटो सोबत आहे. कॅमेरा आला एकदाचा.

पन्हळ छपराला शोभते, दादा. घोड्याच्या पाठीला नाही. तू पलंगावर रिकामाच आहेस, तर एक कर. डावा हात उताणा ठेव आणि तळव्याचा मांसल भाग उजव्या हाताच्या बोटांनी चाचप. हाड लागत नाही. आता हात पालथा कर आणि चाचप. हाडं कळतात, पण टोचत नाहीत. आता मूठ वळ आणि तिच्या उंचवट्यांवरून बोटं फिरव. झालं? घोड्याची बरगडी बोटांना पालथ्या हातासारखी लागायला हवी. मुठीसारखी लागली तर जनावर उपाशी आहे. तळव्यासारखी लागली तर काय, ते तूच ठरव.

दर शुक्रवारी मी सगळ्यांच्या बरगड्या अशा चाचपते आणि छातीभोवती फीत लावते. सामान घेऊन केंद्रापर्यंतचा चढ चढून आलं की घड्याळ धरते. दहा मिनिटांत श्वास जागेवर आला तर घोडं धडधाकट. अंग चमकतं का, हे मी बघत नाही. घासलं की भांडंही चमकतं.

आता तू सांग. कमू तुझ्याकडे दिवसाला किती चालत होती? तबेल्यापासून फाटकापर्यंत आणि परत, हो ना? आणि तिथे तुझे ते बघे उभे.

ठकी


७ ऑक्टोबर

चि. ठकीस,

फोटो पोचला. फारच सुरेख. माझ्या सर्व शंका मिटल्या. हाताचा प्रयोग करून पाहिला, उद्बोधक वाटला. तू म्हणतेस तेच बरोबर असणार.

तुझा,
दादा


७ ऑक्टोबर

प्रिय पोपट,

शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसून तू सगळी धातुरूपं घडाघडा म्हणायचास म्हणून तुझं हे नाव पडलं, हे आज तुझ्या घड्याळाच्या दुकानातल्या कोणाला खरं वाटणार नाही. ती रूपं तुझ्याकडून घोटून घेतली मी. आज त्याची परतफेड माग म्हणून मन सांगतं आहे.

तू डोंगराच्या पायथ्याशी राहतोस. रोज सकाळी सातला फिरायला जातोस ती वाट माझ्या ठकीच्या कुंपणामागून जाते. त्या कुंपणाआड माझी कौमुदी आहे. ठकीने तिचा फोटो पाठवला. फोटोत डोकं आहे, आणि गळ्याखाली एक लाकडी फळी आहे. फळीचा फोटो म्हणून तो निर्दोष आहे. घोडी मात्र तिच्यामागे लपवली आहे. जेवढं तोंड दिसतं त्यात गालाची हाडं वर आली आहेत. ओटांविषयी विचारलं की बाई विषय बदलते. स्थालीपुलाकन्यायाने सांगतो, शितावरून भाताची परीक्षा होते : कौमुदी उपाशी आहे.

माझी बहीण दुष्ट नाही. पण ती कामाची बाई आहे, तिच्या लेखी घोडं म्हणजे चार पायांची हातगाडी. तिच्याशी भांडून उपयोग नाही, लहानपणापासून मी एकही भांडण जिंकलेलो नाही. तेव्हा सोबत एक पोतं ओट आणि काकवीची बरणी पाठवतो आहे. आठवड्यातून तीन सकाळी डबाभर ओट काकवीत कालवून ने आणि कुंपणावरून खायला घाल. डबा वाजव, ती येईल. ठकीला कळता कामा नये. कळलं तर आपण एकमेकांना ओळखत नाही.

तुझा,
मास्तर


२६ ऑक्टोबर

दादा,

मायना घालत बसायला वेळ नाही.

कमू कालपासून आडवी आहे. उठवली तर पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागच्यांवर घेते, थरथरते, आणि पुन्हा बसते. आता लपवून उपयोग नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

ती आली तेव्हाच तिचे पुढचे दोन्ही खूर तव्यासारखे गरम होते. खुराच्या वर बोट ठेवलं की नाडी ठणठण लागायची. गाडीच्या फळीवरून ती काचांवर पाय ठेवत आल्यासारखी उतरली. डॉक्टरीणबाईंनी पाठीची पन्हळ पाहिली, मानेवरचा चरबीचा गड्डा दाबला आणि मला विचारलं, "कोणी केलं हे?" मी म्हटलं, "फार जीव आहे हो त्यांचा तिच्यावर." त्या म्हणाल्या, "दिसतोय."

दाणा आणि गोड जास्त, चालणं नाही, की हे होतं. खुराच्या आत सूज येते. बाहेर टणक कवच, मग ती सूज जाणार कुठे? पुठ्ठा त्याच औषधाचा होता. उभी राहते म्हणून लिहिलं, कारण त्या दिवशी ती पहिल्यांदा धड उभी राहिली होती. तुला कळवलं नाही. तू पाय मोडून एकटा पलंगावर. तुझ्याच हातून झालं हे पत्रात कोणत्या तोंडाने लिहू? म्हटलं, बरी करून पाठवते, मग सांगू कधीतरी. फोटोत फळी मी मुद्दाम घेतली. तिचे पाय ढोपरापर्यंत मऊ वाळूत होते, तू विचारत सुटला असतास.

गवत तासभर भिजवून, पाणी ओतून टाकून घालत होते. सहा आठवड्यांत फीत तीन बोटं आत आली. खूर गार पडले. दोन शुक्रवारांमागे सावकाश दहा पावलं चालवली, तर कान उभे करून चालली. आणि नंतर फीत अचानक वाढायला लागली. मी काही बदललं नव्हतं. ओटाच्या पेटीला कुलूप घातलं. तरी वाढली. तेव्हा माझा संशय गवतावर गेला. गवतवाले काका तुला माहीत आहेत, बावीस वर्षं माझ्याकडे गवत टाकतात. मी त्यांना दारातच धरलं. "काका, खालच्या ओल्या शेतातलं गोड गवत का मिसळलंत?"

ते म्हणाले, "ताई, मी नाही मिसळलं."

"मग घोडी काय वाऱ्यावर फुगली?"

त्यांनी गाडीतली शेवटची पेंढी उतरवली, नीट रचली, टोपी डोक्यावर घातली. "उद्यापासून दुसरीकडून घ्या," म्हणाले आणि गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, खुरातलं हाड फिरून खाली उतरलं असेल तर तिला उठवण्यात अर्थ नाही. मग तिला सोडवायचं. शुक्रवारी एक्स-रे आहे.

ह्या सगळ्यात तुझे ते घड्याळजी मित्र तेवढे येताजाता कुंपणापाशी थांबून तिची चौकशी करतात. जगात अशी माणसंही असतात.

ठकी


२९ ऑक्टोबर

ठकी,

हे पत्र वाचून झालं की आधी गवतवाल्या काकांकडे जा. त्यांनी काही केलेलं नाही. मी केलं आहे.

पोपट चौकशीला येत नव्हता. मी पाठवलेले ओट घेऊन येत होता, काकवीत कालवून, आठवड्यातून तीनदा. ७ तारखेला तुला ते गोड पत्र लिहिलं त्याच बैठकीत दुसरं पत्र त्याला लिहिलं. तू तिला उपाशी ठेवतेस अशी माझी खात्री झाली होती. फोटोतल्या गालाच्या हाडांवरून मी सिद्धान्त मांडला. मी अशा सिद्धान्तांवर मुलांचे गुण कापतो.

त्याला दोष देऊ नकोस. त्याने मला दर आठवड्याला कळवलं. पहिल्या पत्रात लिहिलं, "डबा वाजला की मान वर करते." दुसऱ्यात लिहिलं, "मास्तर, काय तुझी घोडी! राणीसारखी जपून जपून एकेक पाऊल टाकत येते." ते वाक्य मी वकिलांना वाचून दाखवलं. आम्हा दोघांनाही चालीचं फार कौतुक वाटलं. ठकी, ती काचांवरून चालत येत होती. माझ्या ओटांसाठी.

त्याला जलद टपालाने कळवलं आहे, थांब म्हणून. शुक्रवारचं काय ते लगेच लिही. हातचं राखू नकोस.

दादा


६ नोव्हेंबर

दादा,

हाड किंचित कललं आहे. खाली उतरलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जगेल." मी विचारलं, "जानेवारीपर्यंत?" त्या म्हणाल्या, "जानेवारीपर्यंत चार पायांवर नीट उभी राहिली तरी मी पेढ्याशिवाय खूश होईन. पाठीवर माणूस मात्र वर्षभर नाही. नंतरचं नंतर." नालबंदाने खुरांची टोकं कापून खाली जाड रबर बांधलं आहे. काल दोनदा उठली. दुसऱ्यांदा आपणहून.

काकांकडे गेले होते. त्यांनी मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "घोडी कशी आहे?" मी सगळं सांगितलं. चोर सापडला, माझ्याच घरचा निघाला, म्हटलं. हसले नाहीत. म्हणाले, "ताई, 'मिसळलंत का' असं विचारलं असतंत तर मी 'नाही' म्हणून घरी जेवायला गेलो असतो. तुम्ही 'का मिसळलंत' विचारलंत." बावीस वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सोमवारी गवत घेऊन आले. पेंढ्या उतरवल्या, चहा घेतला नाही. घेतील हळूहळू.

घड्याळजी आले होते. डबा माझ्यासमोर ठेवून उभे राहिले. "बाई, तो म्हणाला उपाशी आहे. मी विचारायला हवं होतं हो. एवढ्या कुंपणावरून मी तुम्हाला रोज नमस्कार करत होतो." रडायच्या बेतात होते. मी त्यांच्या पुढ्यात बादली ठेवली आणि गवत भिजवायला बसवलं. रोज येतात आता. घड्याळ लावून तासभर भिजवतात, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे आणि बरेच दिवस रागावणार आहे. पण पहिल्याच दिवशी मी खरं लिहिलं असतं तर तुझ्या पोत्याला माझ्या कुंपणापर्यंत वाट मिळाली नसती. तेव्हा रागातला निम्मा वाटा माझा मी ठेवून घेतला आहे. उरलेला तुला पोचावा.

दोन कामं. एक, तो कंगवा पाठव. आडवी पडून पडून तिच्या आयाळीच्या गाठी झाल्या आहेत आणि माझ्या खराऱ्याने ती वैतागते. दुसरं, पोरीला कळवलंस का? तिने डोळ्यांपुढे नदीची वाट धरली असेल. तू लिही. मी लिहिणार नाही.

ठकी


१५ नोव्हेंबर

चि. ठकीस,

कंगवा सोबत आहे. दाते मऊ आहेत, गाठ सोडवताना आयाळ मुळाशी दुसऱ्या हाताने धर. हे विसावं कलम. मागची एकोणीस फाडून टाक.

प्लास्टर निघालं. पाय बघवत नाही, काठीसारखा झाला आहे. तुझ्या रीतीने चाचपून पाहिला : मुठीसारखा लागला. डॉक्टर म्हणतात, चाला. मी फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. बघे नाहीत. पोपटाचं पत्र आलं. तू त्याला गवत भिजवायला बसवलंस म्हणून तो तुझ्यावर इतका प्रसन्न आहे की मला थोडा मत्सर वाटला. काकांना माझा नमस्कार सांग. सांगून उपयोग नसेल तर सांगू नकोस, पण एकदा मनात म्हण.

लेकीला अजून कळवलेलं नाही. चार मसुदे केले. पहिला इतका डौलदार झाला की त्यात घोडी आजारी आहे हे मलाच सापडेना. दुसऱ्यात दोष हवामानावर गेला. तिसऱ्यात तुझ्यावर. तो मी लगेच जाळला, पण लिहिला होता हे तुला माहीत असावं. चौथा पाच ओळींचा आहे. त्यात खरं आहे. पाकिटात घातला आहे, पत्ता लिहिला आहे, आणि टेबलावर चार दिवस पडून आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. कंगवा तिचा आहे. जाताना तबेल्यातल्या खुंटीवर राहिला. तू तो परत पाठवलास तेव्हा म्हणून मला एवढं झोंबलं.

तीन वर्षांत तिची पस्तीस पत्रं आली. प्रत्येकाची पहिली ओळ "कमू कशी आहे?" पुढे थंडी, काम, घरमालकीण. मी विचारतो, जेवतेस का, कोणी सोबतीला आहे का, परत कधी येशील. त्यांची उत्तरं येत नाहीत. एकदा मी कौमुदीचा फोटो पाठवला, दाणा वाढवल्यावरचा, तर तिचं चार पानी पत्र आलं. "बाबा, काय गुबगुबीत दिसते! तू किती करतोस तिचं!" ते "किती करतोस" मी पुष्कळ दिवस वाचत होतो. मग दर महिन्याला फोटो गेला, आणि दर महिन्याला ओट थोडे वाढले. तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग, कोणी केलं याचं हे पूर्ण उत्तर आहे.

गेली दोन्ही वर्षं तिने यायचं म्हणून ठरवलं आणि आयत्या वेळी रद्द केलं. यंदा तिकीट काढलं. कळवताना लिहिलं, "कमूला भेटायला येते आहे." मी ते पत्र तुलाही वाचून दाखवलं होतं. तू म्हणालीस, "बघ, येते आहे ना!" मी मान हलवली.

उद्या सकाळी पोपटासारखा सातला निघेन आणि ते पाकीट स्वतः चालत जाऊन पेटीत टाकीन. कौमुदी उभी राहील यावर माझा आता विश्वास आहे, कारण ती तुझ्या हातात आहे. पण तिच्यावर बसता येणार नाही हे वाचल्यावर लेक तिकीट रद्द करील, असं मला वाटतं. नुसत्या माझ्यासाठी ती येईल की नाही, हे मला माहीत नाही, ठके. मला त्याची फार भीती वाटते.

तुझा,
दादा